काजळसरांनी काढलेले डोळे

आमच्या शाळेत चित्रकला आणि शिवण मिळून एकच खोली. मधे दोन कपाटं आडवी लावली आहेत, तीच काय ती भिंत. अलीकडे माझी शिवणयंत्रं, पलीकडे चित्रकलेच्या सरांची रंगांनी बरबटलेली टेबलं. त्यामुळे या गृहस्थांचं बोलणं वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडत आलंय, मला ऐकायचं असो वा नसो.

मुलं त्यांना काजळसर म्हणतात. कानावर सदा एक मऊ, काळीकुट्ट पेन्सिल अडकवलेली. चित्रं तपासताना बाकी कशाला म्हणून हात लावणार नाहीत. झाड वाकडं असो, घर कलंडलेलं असो, "असू दे, राहायचंय कुणाला त्यात," म्हणून पुढे जाणार. पण कुणी माणूस काढला असेल, तर खाली वाकून, जीभ दातांत धरून त्याच्या डोळ्यांत दोन काळे ठिपके द्यायचे आणि वर पापणीची रेघ ओढायची. मग म्हणायचे, हं, आता बघतोय बघ तुझ्याकडे. पोरं खूश.

याला कारण होतं. तरुणपणी ते सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथला रिवाज असा, की कपडे, केस, आभाळ नवख्यांनी रंगवायचं आणि डोळे मात्र उस्तादानं. फलक वर चढवायच्या आधी उस्ताद यायचा, हात स्वच्छ धुवायचा, डोळे काढायचा आणि चालता व्हायचा. सरांच्या वाट्याला कायम नायकाचे खांदे. डोळे मिळण्याआधीच कारखाना बंद पडला. सर शाळेत आले, आणि इथे डोळ्यांना कुणी वाली नव्हता. मी तोंडावर म्हणायचे की ही तुमची हौस झाली, याला शिकवणं म्हणत नाहीत. ते नुसते हसायचे. चिडायचं कसं हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. ते काम दोघांच्या वतीनं मी करते.

यंदा त्यांच्या वर्गात घड्याळवाल्याची मुलगी आली. गप्प पोर, पण हात असा की मीसुद्धा सुई खाली ठेवून कपाटाआडून डोकावायचे. किटली काढली तर किटलीवर समोरची खिडकी दिसायची. माणसं मात्र झाडून सगळी पाठमोरी. बाजार पाठमोरा, बसची रांग पाठमोरी. एकदा सरांनी विचारलंच, चेहरे का नाहीत म्हणून. ती खाली बघत म्हणाली, "सर, चेहरा जमणार नाही."

या दोन शब्दांनी घात केला. तिच्या बापाच्या दुकानात मी अनेकदा गेले आहे. भाव कमी करा म्हटलं की तो हसून "जमणार नाही" म्हणतो. म्हणजे करणार नाही, विषय संपला, पण तुमचा मान राखून. पोर तीच भाषा उचलून आली होती. त्यांच्या धर्मात जिवंत माणसाचा चेहरा काढणं मना आहे, डोळे तर नाहीतच नाहीत. तिनं ते अदबीनं सांगितलं. सरांना ऐकू आलं ते एवढंच, की बिचारीला येत नाही. "जमेल गं," ते म्हणाले, "मी आहे ना."

पालकांसाठी प्रदर्शन ठरलं, विषय 'घरातलं माणूस'. तिनं कामाला बसलेला बाप काढला. मान खाली, डोळ्याला भिंग, चिमट्यात इवलंसं चक्र. बोटं पाहावीत तर नखांतलं तेलसुद्धा दिसत होतं. कपाळाखाली मात्र कागद कोरा. सर ते चित्र घेऊन बराच वेळ बसले. मला म्हणाले, पोरगी बापाच्या चेहऱ्यापर्यंत आली आणि घाबरली हो. मी म्हटलं, आधी तिला विचारा. विचारलं तर मजा काय राहिली, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला नेऊन नेऊन बापाचा चेहरा त्यांना पाठ होता. आजवर ते डोळ्यांपलीकडे कधी गेले नव्हते. त्या दिवशी नाक काढलं, ओठ काढले आणि शेवटी भिंग नसलेला तो एक डोळा असा काढला, की त्यांच्या उस्तादानंही मान डोलावली असती. मला दाखवायला आले तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

प्रदर्शनाला बाप-लेक आले. चित्र आधी तिला दिसलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला. बाप स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभा राहिला. आरडाओरडा नाही, काही नाही. हळूच लेकीला विचारलं, हे तू केलंस? तिनं तोंड उघडायच्या आत सर पुढे झाले आणि म्हणाले, चेहरा माझा आहे, तिनं नाही काढला. खोटं बोलणं त्या माणसाच्या रक्तातच नाही. मग बापानं शांतपणे समजावून सांगितलं. जो असा चेहरा घडवतो, त्याला देव एक दिवस विचारणार, आता यात प्राण घाल. आणि ते कुणालाच साधणार नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमच्यावर राग नाही, फक्त चित्र उतरवा. सरांनी ते सगळ्यांदेखत उतरवलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून बजावलं. मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही आणि कुणाच्या श्रद्धेबद्दल वर्गात बरंवाईट काहीही बोलायचं नाही. बरोबरच होतं ते. मला वाटलं, स्वस्तात सुटले. बापानं तर मुलीची चित्रकलाही चालू ठेवली होती.

पण पोर कागदावर रेघ ओढेना. सरांनी किटली ठेवली, कुंडी ठेवली, शेवटी स्वतःचा बूट काढून ठेवला. ती पेन्सिलला टोक करायची आणि पेन्सिल खाली ठेवायची. एका दुपारी वर्ग सुटला तरी ती थांबली. मी अलीकडे यंत्रात अडकलेला दोरा काढत होते.

"सर, तुम्ही आजपर्यंत किती जणांचे डोळे काढलेत?"

"मोजलेत कुठे गं," सर हसत म्हणाले. "खूप."

तिनं पेन्सिल दप्तरात ठेवली. मग म्हणाली, "त्या सगळ्यांचं तुम्हाला विचारतील. म्हणून मी देवाला सांगितलंय. मी चित्र सोडते, पण सरांना काही विचारू नकोस."

सर काय बोलतात याची मी वाट बघत राहिले. बोलणार तरी काय? असं काही नसतं म्हणावं, तर तिच्या श्रद्धेला हात लावल्यासारखं. आणि मनाई नसती तरी ते ऐकून तिला त्यांची काळजी दुप्पट वाटली असती. माझं मी बघून घेईन म्हणावं, तर तिनं आणखी काहीतरी सोडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "घरी जा बाळ, आई वाट बघत असेल."

संध्याकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. एकट्यानं जायचा त्यांना धीर होईना. बापानं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. त्याला हे माहीत होतं. चित्र काढ म्हणून रोज सांगतो, म्हणाला.

"माझ्यासाठी नको म्हणावं तिला," सर म्हणाले.

"तेही सांगून पाहिलं. म्हणते, सरांना भीती वाटत नाही ना, म्हणूनच मला वाटते." त्यानं भिंग फडक्यानं पुसलं. "मास्तर, स्वतःसाठी काही मागत असती तर ओरडलो असतो. ती दुसऱ्यासाठी मागते आहे. ते मागू नकोस असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

परत येताना सर कोपऱ्यावर थांबले. मग म्हणाले, "बाई, मी यातलं काही मानत नाही. पण तिनं दिलं ते खरंच दिलं ना? ते मी तिला परत कसं करू?" शाळेत मला सगळे तोंडाळ म्हणतात. त्या संध्याकाळी मी नुसती त्यांच्या घरापर्यंत सोबत चालत गेले.

आता त्या तासाला ती माझ्याकडे बसते आणि काजं करते. टाके सुरेख पडतात तिचे. मी शाबास म्हणते, आणि पलीकडे शिकवता शिकवता सर मधेच थांबतात.