आधी बाहेरचे टेकू

मुकुंदवाडीच्या मजूर नाक्यावर चहाची गाडी लावणारी सुकेशनी दर रविवारी चर्चला जायची आणि सोमवारी तिथलं काहीतरी नाक्यावर आणायची. एकदा म्हणाली, आज येशू असता ना, तर इथंच, आपल्या त्रिंबक मिस्त्रीसारखा हातोडा घेऊन उभा राहिला असता.

"मग उपाशीच मेला असता," कडुबा म्हणाला. "एवढी दाढी बघून कोणता ठेकेदार गाडीत घेतो?"

सगळे हसले. त्रिंबकही हसला, आणि आपला अर्धा चहा कडुबाच्या बशीत ओतला.

त्रिंबकचा जन्म मेंढरांतला. त्याची आई बानाबाई कळपामागं फिरत होती, दिवस भरले तेव्हा गावात कुणी दार उघडलं नाही. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या आतच ती बाळंत झाली. पुढं मेंढरं सरली. मायलेक शहरात आले आणि पोरगं सेंट्रिंग शिकलं. स्लॅबच्या खाली फळ्या ठोकायच्या, टेकू द्यायचे, स्लॅब नीट वाळला की काढायचे. कळपाची सवय मात्र सुटली नाही. बारा जणांच्या टोळीतला एक जरी आला नाही, तरी हा अकरा जणांना सोडून त्याला हुडकायला जायचा. कडुबालाही त्यानं असंच गुत्त्याच्या दारातून उचलून आणलं होतं. आंघोळ घातली, हातात हातोडा दिला.

त्या मंगळवारी टोळीतला सोमनाथ दिसला नव्हता. गॅलरीला हात लावू नका, अजून ओली आहे, एवढं सांगून त्रिंबक निघाला. दुपारी ठेकेदार आला. त्याला फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. कडुबाला म्हणाला, तू पण मिस्त्रीच की आता. हे ऐकायला कडुबा किती दिवस झुरत होता. त्यानं भिंतीकडचे टेकू पाडायला घेतले. तिसऱ्या टेकूला गॅलरी मधोमध तुटली. खाली वाळू चाळणारी रूपाली पुन्हा उठली नाही.

त्रिंबक सोमनाथला खांद्यावर घेऊन परतला तेव्हा पोलीस आलेले. टेकू कुणी काढले, जमादार विचारत होता. ठेकेदार मोबाइलवर बोलत लांब गेला. कडुबा मिक्सरच्या आडोशाला उभा. त्रिंबकनं सोमनाथला खाली बसवलं, कडुबाकडं एकदा बघितलं.

"सेंट्रिंग माझं हाय, साहेब. मीच काढले."

जमादारानं कडुबाला विचारलं, याच्या टोळीतला का तू?

"नाय. मी वाळूवर असतो."

त्रिंबकला भेटायला हर्सूलच्या जेलवर बानाबाईला एकटीला जाता येईना, म्हणून कडुबाच तिला घेऊन गेला. रिक्षात दोनदा त्यानं 'मामी' म्हणून तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पाण्याची बाटली पुढं केली. गेटवर शिपाई मुलाखतीची नावं लिहीत होता.

"आई का? बरं. आन् तू कोण त्याचा?"

"कुणी नाय. म्हातारीला सोडायला आलो."

बानाबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लई वाळलाय म्हणाली. आत कुणाकुणाच्या पायांचे फोड धूत बसतो म्हणं. ज्यानं केलं त्याचं नाव सांग, म्हणून तिनं किती पाया पडून सांगितलं, पण तो नुसता हसला.

"तुला निरोप दिलाय," ती म्हणाली. "गॅलरीचे टेकू आधी बाहेरच्या टोकाचे काढायचे, भिंतीकडचे शेवटी. म्हंजी काय रं?"

कडुबानं तिच्या पिशवीकडं हात केला.

"कामाचं हाय, मामी."

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच उचलली आणि रस्त्याला लागली.

पुढच्या महिन्यात ठेकेदारानं कडुबाला मिस्त्री केलं. नव्या साइटवर गॅलरी होती. त्यानं पुरे तीन आठवडे वाट बघितली, खालची माणसं हलवली आणि बाहेरच्या टोकापासून एकेक टेकू काढत भिंतीकडं आला. काही पडलं नाही. वाळूवरची नवी बाई मान वर करून बघत होती.

"मिस्त्री, कुणाकडनं शिकलात वो?"

"कुणाकडनं नाय," कडुबा म्हणाला.