बॅजवरची गौरी

"नाव चांगलंय गं," मॅडम म्हणाल्या. "पण जड आहे. गेस्टच्या तोंडात बसत नाही."

मग त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत खोल्यांच्या किल्ल्या, संपलेली पेनं, रबरं आणि एक सोनेरी बॅज. त्यावर 'गौरी' असं कोरलेलं. आधीची गौरी लग्न होऊन कोल्हापूरकडे गेली होती, बॅज मागे राहिला होता. मॅडमनी त्यावर फुंकर मारली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. हातात दिला नाही.

"लाव. आजपासून तू गौरी."

मी लावला. हे आधीच सांगून टाकते, पुढचं वाचून कुणी मला शूर वगैरे समजू नये. मी लावला आणि वर "थँक्यू मॅडम" म्हणाले.

लोणावळ्यातलं रिसॉर्ट. शुद्ध शाकाहारी, दारात तुळशीवृंदावन. मालक मुंबईत, कारभार त्यांच्या बहिणीकडे, त्याच या मॅडम. मी बारावीनंतर हॉटेलचा वर्षाचा डिप्लोमा केलेली, सात-आठ ठिकाणी नकार खाल्लेली. नाव जड आहे म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझं नाव चार अक्षरांचं. आजोबांनी ते बुद्धवंदनेच्या पुस्तकातून शोधून काढलं होतं. तिथं येणाऱ्या गेस्टच्या पोरांची नावं मी पुढं सहा वर्षं ऐकली, जीभ दुमडून घ्यावी लागायची. ती कुणाला जड गेली नाहीत. जड होतं ते फॉर्मवर नावाच्या पुढं लिहिलेलं आडनाव. ते वाचून मॅडमनी फॉर्म पालथा ठेवला होता. मी पाहिलं होतं. पाहूनही बॅज लावला, कारण घरी गेले असते तर आबांबरोबर गुलाब तोडायला लागले असते.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव बेडशाच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला. तिथल्या एका पॉलिहाऊसमध्ये ते गुलाब छाटतात. फुलं विमानानं परदेशात जातात, काटे आबांच्या बोटांत राहतात.

लोकांना वाटतं हॉटेलातली नोकरी म्हणजे गारव्यात हसत उभं राहायचं. बरोबर आहे. बारा तास हसत उभं राहायचं. सकाळच्या पहिल्या जीपनं कामशेत, तिथून एसटीनं लोणावळा. पोह्याच्या, इडलीच्या भांड्यांखाली बत्त्या लावायच्या. घाटात तीन तास अडकून आलेला माणूस पहिला राग काढतो तो पाणी आणून देणारीवर. तो ऐकायचा. शनिवार-रविवार सुट्टी नाही, चौदा एप्रिलला नाही. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, सगळं खिडकीतून घ्यायचं. हा नियम सगळ्यांना आहे म्हणून सांगितलं होतं. बाकीची पोरं आत जाऊन चहा पिऊन यायची.

दुसऱ्या वर्षापासून सकाळचा अख्खा हॉल मी सांभाळत होते. दरवर्षी पुण्याच्या कॉलेजातून मुलं शिकायला यायची. ताट कुठल्या बाजूनं ठेवायचं, चिडलेल्या गेस्टशी कुठल्या आवाजात बोलायचं, हे त्यांना मी शिकवायचे. त्यातली तिघं कॅप्टन झाली, म्हणजे हॉलचे मुख्य, आणि मला ऑर्डरी द्यायला लागली. मी एकदा धीर करून मॅडमना विचारलं, मला कॅप्टन कधी करणार?

"गौरी, तू या हॉलचा चेहरा आहेस," त्या म्हणाल्या. "आहेस तिथंच छान दिसतेस."

मला ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एका वर्षी गौरी-गणपतीत पुण्याची एक बाई उतरली होती. बॅज वाचून खूश झाली. "अय्या, गौरी यायच्या दिवशी गौरी इथं? तुमच्याकडे उभ्याच्या असतात की खड्याच्या?"

आमच्याकडे कसल्याच नसतात. छप्पन्न साली आजोबांनी सगळे देव पोत्यात भरून पवना नदीत सोडले होते. हे मी त्या बाईला सांगू शकत होते. मी म्हणाले, "खड्याच्या."

"वा! यंदा आमच्या जावेकडे आहेत म्हणून मी मोकळी. ये इकडे." तिनं लॉबीतल्या गणपतीपुढचं तबक उचललं आणि माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. मी मान खाली घातली. वाकून नमस्कारही केला. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच वाकले.

परतीच्या एसटीत बॅज काढून पर्समध्ये टाकला, रोजच टाकायचे. कुंकू पुसायचं राहिलं. आबा दारात बसले होते.

"ह्ये कुनी लावलं?"

"गेस्टनी."

"तुला?"

मला नव्हतंच लावलं. आबांनी तोंड धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅज लावून उभी राहिले. असं अजून दोन वर्षं.

मग एका रविवारी आमच्या गावच्या पाटलांचा थोरला मुलगा रिसॉर्टवर आला. जमिनींचे प्लॉट पाडून विकतो, गिऱ्हाइकांना घेऊन नाश्त्याला बसला होता. मी चहाची किटली घेऊन टेबलापाशी गेले.

"अगं ए, तू आमच्या सीतारामाची न्हवं का?"

"व्हय," मी म्हणाले. सहा वर्षांत त्या हॉलमध्ये माझ्या तोंडून पहिल्यांदा 'व्हय' निघालं.

त्यानं बॅज वाचला. मोठ्यानं हसला. "गौरी? आरं तिच्या! तुमच्यात गौरी कवापास्नं यायला लागल्या?" आणि समोरून येणाऱ्या मॅडमना म्हणाला, "मॅडम, ही आमच्या गावची. खालच्या आळीची. तुमाला ठावं न्हाई काय?"

आजूबाजूच्या चार टेबलांवरचे चमचे थांबले. मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता या सांगतील की नाव मीच दिलंय. एवढंच सांगायचं होतं त्यांनी. बाकी काही नको होतं मला.

"गौरी, हे काय ऐकतेय मी?" मॅडम म्हणाल्या. "तू आम्हाला हे कधी बोलली नाहीस."

"मॅडम, फॉर्म तुमच्याकडेच..."

"आवाज खाली." मग टेबलाकडे वळून गोड आवाजात, "सॉरी हं. आजकाल कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही."

एका म्हाताऱ्या गेस्टनं मी नुकताच ओतलेला चहा हळूच बाजूला सरकवला. मी ते पाहिलं. त्यालाही कळलं की मी पाहिलं, त्यानं पेपर वर धरला.

मला मागच्या अंगाला पाठवलं, भांडी घासायला. "काही दिवसच," असं मॅडम म्हणाल्या. तिथं हिरामावशी होती, वीस वर्षं त्याच मोरीवर उभी. मला लय जीव लावायची, तिच्या भाकरीतली अर्धी द्यायची. मी तिला माझं खरं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं.

"जड जातंया गं," ती म्हणाली. "म्या आपली गौरेच म्हनंन."

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. पॉलिहाऊसवर आबांना माणसं 'गौरीचा बाप' म्हणायला लागली. हे मला आईनं सांगितलं. आबा ओट्यावर बसून सुईनं बोटातला काटा काढत होते. वर न बघता म्हणाले, "माझ्या बापानं लय इचार करून ठिवलं हुतं त्ये नाव."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी कापली. त्यावर पेनानं माझं नाव लिहिलं, आडनावासकट. बॅज लहान, आडनाव कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलं. ती पट्टी गौरीवर चिकटवली आणि मोरीवर न जाता हॉलमध्ये इडलीच्या भांड्याशी जाऊन उभी राहिले.

"काढ ते," मॅडम म्हणाल्या.

"नाही काढणार."

"मग बॅज ठेव आणि चालू लाग."

मी पट्टी सोलून कुडत्याला चिकटवली आणि बॅज इडल्यांच्या शेजारी ठेवला. इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. टाळ्या घेऊन घरी गेले असते. पण दोन महिन्यांनी मी पुन्हा त्याच ऑफिसात हात बांधून उभी होते. अनुभवाचा दाखला हवा होता. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात कॅप्टनची जागा होती. त्यांनी माझी हॉलमध्ये परीक्षा घेतली होती, मी पसंत होते. फक्त सहा वर्षांचा कागद आणा म्हणाले.

मॅडमनी कागद दिला. लगेच दिला. चांगला लिहिला होता, वागणूक उत्तम, कामात तरबेज. नाव, कुमारी गौरी.

"मॅडम, हे माझं नाव नाही."

"आमच्याकडे सहा वर्षं गौरी होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू कुठं होतीस?"

खोटं नव्हतं ते. मी कागदोपत्री माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची, पगार रोख, त्याच्या वहीतही 'गौरी'च, आणि तो ठेकेदार केव्हाच बदलला होता. मी कागद घेऊन नव्या हॉटेलात गेले. तिथला साहेब सज्जन होता. म्हणाला, "काळजी करू नका. वडगावला जाऊन अ‍ॅफिडेव्हिट करा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत म्हणून. पाच मिनिटांचं काम. सोमवारी जॉइन व्हा."

वडगावला तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाले बसतात. त्यातल्या एकाकडे मजकूर तयारच होता, मोकळ्या जागा भरायच्या फक्त. त्यानं कागद माझ्यापुढं केला. 'मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की, गौरी आणि' पुढं माझं अख्खं नाव, 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.'

"इथं सही करा ताई."

मी पेन हातात घेतलं. सही केली की कॅप्टन. सहा वर्षं माझी. आबांचं पॉलिहाऊस सुटलं असतं. सगळं समोर दिसत होतं. आणि ते वाक्य मी परत वाचलं. ती व्यक्ती मीच आहे. हळदीकुंकवाला वाकलेली मीच. खड्याच्या म्हणाले ती मीच. आजवर लोकांनी मला गौरी केलं होतं. आता मी शपथेवर, स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं होतं की हो, मीच.

"ताई, रांग आहे मागे."

मी पेन खाली ठेवलं. "मी ती नाही," म्हणाले. टायपिंगवाल्याला काही कळलं नाही, त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

कॅप्टनची जागा गेली. त्याच हॉटेलात मला घेतलं, नवखी म्हणून. पंचविशी ओलांडलेली मी, अर्जावर 'फ्रेशर'. जिला मी रिसॉर्टवर ताट धरायला शिकवलं ती मुलगी इथं माझी कॅप्टन आहे. ती मला बत्ती कशी पेटवायची ते दाखवते आणि मी बघते. बॅजवर माझं नाव आहे, आडनावासकट. त्यानं काहीही बदललं नाही. गेस्ट बॅज वाचतात, काही जण पाणी दुसऱ्याकडून मागतात. फडकं तेच, पाय तसेच सुजतात. आबा अजून गुलाब छाटतात. इथून पुढं वर काही चढता येईल असं मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात गेले होते. मागून हाक आली.

"गौरे! ए गौरे!"

हिरामावशीचा आवाज. त्या रिसॉर्टमध्ये मला माणूस म्हणून वागवणारी एकटी बाई. आता तिच्या डोळ्यांना कमी दिसतं, तरी पाठीवरून मला ओळखलं तिनं. तिचा काही दोष नाही. मला माहीत आहे. वळले असते तर तिनं मला रस्त्यातच कवटाळलं असतं.

"आगं गौरे, म्या हाय! थांब की!"

मी थांबले नाही. ती अजून दोनदा ओरडली, मग गर्दीत आवाज बुडाला. घरी येऊन रडले. पण वळले नाही. प्रेमानं मारलेल्या हाकेला वळले तर उद्या मॅडमच्याही हाकेला वळेन. त्या नावाची बाई कुणाला कुठं सापडणार नाही. सहा वर्षांचा कागद तिच्या नावावर आहे, तो तिनं ठेवावा.