पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा गॅस

कामथडीच्या पुढे, ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे. वस्तीतल्या बायकांचे दूध संकलन केंद्र आमच्या थोरल्या काकू चालवतात. वीज गेली की दूध गार ठेवणारा बल्क कूलर बंद पडतो आणि पावसाळ्यात गेलेली वीज कधी येईल ते सांगता येत नाही. दूध नासले की काकू दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीत. म्हणून माझी धाकटी बहीण पुण्याच्या कंपनीतून शेणगॅसवर चालणारे छोटे टर्बाइन चाचणीसाठी घेऊन आली, तेव्हा केंद्रामागची जागा काकूंनी स्वतः झाडून दिली.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. ते हवा आत ओढते, दाबते आणि तिच्यात गॅस जाळते. तापलेले वायू बाहेर पडताना चक्र फिरवतात, चक्रावर वीज तयार होते. अवघड आहे ते स्वच्छ जाळणे. ज्योत फार तापली तर हवेतल्याच नायट्रोजनपासून घातक वायू तयार होतो. तो टाळायला गॅसमध्ये आधीच भरपूर हवा मिसळतात, म्हणजे ज्योत फार तापत नाही. पण हवा जरा जास्त झाली की ज्योत विझते. बहिणीने काही वर्षे याच अरुंद वाटेवर घालवली होती. शेणगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड बराच असतो, त्यामुळे ही वाट आणखी अरुंद होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचे तपासणी अधिकारी येणार होते. धुराड्यातून निघणारा वायू मर्यादेत आला तर यंत्र वस्तीवर राहणार होते, नाहीतर पुण्याला परत जाणार होते.

पोळ्याला बहिणीने यंत्र बंद ठेवले आणि ती भोरला सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत आली तेव्हा यंत्राच्या अंगावर गेरूचे पट्टे आणि हळदीकुंकू होते, आणि हवा आत घेणाऱ्या जाळीवर झेंडूची जाडजूड माळ.

“काकू, ही माळ कुणी घातली?”

“म्या. बैलाला घालतो, मग ह्यानं काय घोडं मारलंय?”

बहिणीने माळ काढली, जाळी पुसली आणि यंत्र सुरू केले. ज्योत पेटली, फट्‌ असा आवाज झाला आणि विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा तेच. मग तिने गॅस तपासायचे मीटर लावले. जळणारा मिथेन नेहमीपेक्षा बराच कमी होता. ती शेणाच्या टाकीकडे गेली. वास आंबट येत होता.

“टाकीत काय टाकलंय?”

दूध घालायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी एक म्हणाली, “पोळ्या, ताई.”

“कुणाच्या?”

“समद्यांच्याच. काकूंनी ग्रुपवर टाकलं व्हतं, मशिनीचा बी पोळा हाय म्हनून.”

काकूंनी हात कमरेवर ठेवले. “बैल वर्सभर कडबा खातो, तरी सणाला पुरणाची पोळी देतोच ना? हे बिचारं रोज श्यान खातंय. म्हनलं, एक दिस तरी ग्वाड खाऊ दे. गुळवणी बी घातलं.”

“काकू, गोड लवकर आंबतं. टाकी आंबली की गॅस पातळ होतो.”

“म्हंजी अपचन झालं.”

“झालं.”

“मग सोडा घालू का?”

“चुना घालू. पण आज गुण येणार नाही.”

तेवढ्यात अधिकाऱ्यांचा फोन आला. ते शिवऱ्यापर्यंत पोचले होते. काकूंचे मत होते की त्यांना नसरापूरलाच चहाला थांबवावे आणि चहा लांबवावा. बहिणीने हवेची झडप थोडी बंद केली. एरवी हवा कमी केली की ज्योत तापते आणि वायू मर्यादेबाहेर जातो. पण आज गॅसमध्येच मिथेनच्या जागी कार्बन डायऑक्साइड जास्त होता. तो स्वतः जळत नाही, उलट ज्योतीची उष्णता शोषून घेतो. म्हणजे हवा कमी असली तरी ज्योत नेहमीइतकीच तापायला हवी. हा हिशेब तिने कागदावर केला होता. प्रत्यक्षात पाहण्याची वेळ आली नव्हती, कारण एवढा वाईट गॅस तिला कुणी दिला नव्हता.

अधिकारी आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मीटर पाहून विचारले, “गॅस रोजचाच आहे?”

“नाही,” बहीण म्हणाली. “काल गावाने टाकीला पोळ्या घातल्या. सणाच्या.”

ते काकूंकडे वळले. “पुरणाच्या की खव्याच्या?”

“पुरनाच्या. बैलाला खव्याच्या कोन घालतं?”

“चालवा,” ते बहिणीला म्हणाले.

ज्योत पेटली. या वेळी फट्‌ झाले नाही. यंत्राचा सूर चढत गेला आणि एका पट्टीत स्थिरावला. अधिकाऱ्यांनी धुराड्यात नळी सोडली. नायट्रोजनपासून होणाऱ्या घातक वायूचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण अर्धवट जळलेल्या गॅसचा आकडा बाहेर. बहीण पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. काकूंनी बायकांना गप्प राहायला खुणावले, खरे तर कुणी बोलत नव्हते. यंत्र तापत गेले तसा तो आकडाही उतरू लागला आणि मर्यादेच्या खाली येऊन थांबला.

“चांगल्या गॅसवर चांगलं जळतं, ते आम्हाला माहीतच होतं,” अधिकारी नळी गुंडाळत म्हणाले. “वाईटावरही जळतं, ते आज कळलं. यंत्र इथंच राहू द्या. टाकी बरी झाली की पुन्हा मोजू.”

“आन् परत बिघडवायची आसंल तर सांगा,” काकू म्हणाल्या. “संक्रांत हाय, होळी हाय.”

बहीण तेव्हा पहिल्यांदा हसली.

पुढे पाऊस चारपाच दिवस लागून राहिला. घरात कपडे वाळत नव्हते. एका दुपारी बहीण केंद्रामागे गेली तेव्हा धुराड्याच्या गरम वाऱ्यात दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर अख्ख्या वस्तीची धुणी होती. तिने दोरी लांब सरकवायला लावली. जवळ कापड जळेल, असे बजावले. मग एक पांढरे धोतर हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिले. त्यावर काजळीचा ठिपका नव्हता. तिने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि अधिकाऱ्यांना पाठवला.