रुईच्या गाठींमागे

“उडी मार, कमले!” नवरा ओरडला. घाटाच्या उतारावर आमच्या ट्रकचे ब्रेक लागत नव्हते. डिझेल वाचवायला त्याने इंजिन बंद केलं होतं, आणि त्यामुळेच ब्रेकची हवा संपली होती.

“इंजिन बंद काऊन केलं?”

“आता विचारून राह्यली? उडी मार!”

वर्ध्याच्या जिनिंगमध्ये मी वर्षानुवर्षं कापसातला कचरा वेचला. तिथून बांधलेल्या रुईच्या गाठी दक्षिणेत जातात, एवढंच ऐकलं होतं. नवराच त्या न्यायचा. एक दिवस काम सोडलं, भाड्याची खोली सोडली आणि “पाहूनच येतो” म्हणत केबिनमध्ये चढले.

मी उडी मारली नाही. ब्रेक दाबून दाबून केबिनभर जळका वास झाला होता, आणि मी खाली दरीत पाहत होते. तिथं एक बाई धुणं वाळत घालत होती. ती लुगडं कसं नेसते, ते मला पाहायचं होतं.

काल नालवाडीला एसटीच्या चाकांतून पंचवीसेक वर्षांनी तोच वास आला. त्या दिवशी घाटात मी स्वतःला धीट समजत होते. आता वाटतं, मरण ठाऊक नव्हतं, एवढंच.

नवऱ्याने ट्रक डोंगराला घासत नेऊन मातीच्या ढिगात घातला. आत आम्ही दोघंच होतो. दोघंही जिवंत उतरलो.