पेटीतली रिकामी जागा

आमच्या कार्यालयात मी हिशेब तपासतो आणि तो भांडार सांभाळतो. सव्वीस वर्षं आमची टेबलं एकाच खोलीत आहेत. सगळे त्याला पार्सलभाऊ म्हणतात. हे नाव कसं पडलं ते आधी सांगतो.

परदेशातल्या दुकानातून घरबसल्या काही मागवायचं, तर वस्तूपेक्षा तिच्या प्रवासाचाच खर्च मोठा. यावर पार्सलभाऊने तोड काढली होती. तिकडच्या एका गोदामात सगळ्या दुकानांचा माल जमा करायचा. गोदामवाले साठ दिवस तो फुकट ठेवतात आणि आपण सांगितलं की एकाच पेटीत भरून इकडे रवाना करतात. दहा जणांच्या दहा पार्सलांऐवजी एक पेटी. भाडं निम्म्याहून खाली. मात्र पेटीचं भाडं नुसत्या वजनावर नसतं, आकारावरही असतं. रिकामी जागा त्याला बघवत नसे. ‘हवेचं भाडं कोण भरणार?’ म्हणायचा. एकदा त्याने गोदामाला लिहिलं की मोजे बुटांत कोंबा आणि घड्याळ मोज्यात. आलंही तसंच.

“भाऊ, माझ्या घड्याळाला पायाचा वास येतोय,” आवक-जावकच्या बाई म्हणाल्या.

“मोजे कोरे आहेत हो बाई. वाचलेल्या भाड्याचा वास असेल.”

त्याच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीशी विणकामाचं यंत्र आहे. दोनशे सुयांची लांबलचक पट्टी आणि तिच्यावरून हाताने इकडून तिकडे फिरवायची गाडी. वहिनी त्यावर दरवर्षी एका शाळेचे तीनशे स्वेटर विणत. मुलीचं शिक्षण त्यातूनच झालं. यंदा ती गाडी आतून तडकली. यंत्राची कंपनी कधीच बंद पडलेली. पार्सलभाऊने आठवडाभर शोधून परदेशातल्या एका विक्रेत्याकडे तशीच जुनी गाडी मिळवली. शाळेला स्वेटर चार महिन्यांनी, थंडीच्या आधी हवे होते. विणायलाच दोन महिने लागणार. गाडी आठ दिवसांत गोदामात पोचली. तिथून एकटी मागवली असती, तर पंधरा दिवसांत घरी आली असती.

पण गाडी लांब, म्हणून पेटी लांब, आणि पेटीचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा. त्याने ऑफिसात विचारलं, “कोणाला काही मागवायचंय का?” सगळ्यांना होतं. तिघांनी एकाच प्रकारचे इअरफोन मागवले. शिपायाने मेव्हण्यांसाठी आणखी तीन सांगितले. तिघांनी बूट सांगितले. माझाही वाटा सांगायला हवा. मला चालायला जायचे बूट हवे होते. माझं माप संपलं होतं, दुकानवाला दहा दिवस थांबा म्हणाला.

“थांबू की साहेब,” पार्सलभाऊ म्हणाला, “जागा आहे, मुदतही आहे.”

दहाचे बावीस झाले. मधे एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. यंत्रावर चादर होती. लोकरीचे गठ्ठे पलंगाखाली मावले नव्हते, थोडे खुर्चीवर होते.

“भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना,” वहिनी म्हणाल्या. “एकटी गाडी आली तरी चालेल म्हणावं.”

“अगं, अर्धी पेटी रिकामी आहे. दुप्पट पैसे पडतील.”

“पडू देत ना! शाळेतून दोनदा फोन आला. काय सांगू, अहो बूट येईपर्यंत थांबा म्हणू?”

ते बूट कोणाचे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी चहाचा कप उचलला.

बूट आल्यावरही उरलेली जागा भरेपर्यंत तो थांबला आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी पेटी निघाली. एक बोटभर जागा रिकामी नव्हती. ती कस्टममध्ये अडकली. एका माणसाच्या नावावर सहा सारखे इअरफोन आणि चार मापांचे बूट, म्हणजे हा विक्रीचा माल, असं त्यांचं म्हणणं. पार्सलभाऊ रजा टाकून खुलासा द्यायला गेला. मीही सोबत होतो.

“साहेब, हे आमच्या ऑफिसातल्या लोकांचं आहे.”

“मग त्यांच्या त्यांच्या नावावर का नाही?”

“भाडं वाचवायला.”

अधिकाऱ्याने तेवढंच वाक्य लिहून घेतलं आणि खाली सही करायला सांगितलं. पेटी सोडवायला एकेचाळीस दिवस गेले. जकात आणि दंड त्याने एकट्याने भरला. त्याने आमच्याकडे पैसे मागितले नाहीत आणि आम्हीही विषय काढला नाही. दरम्यान वहिनींनी शाळेकडे आधी एक आठवडा, मग आणखी एक मागून घेतला. तिसऱ्यांदा मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या आणि काम गावाबाहेरच्या कारखान्याला गेलं.

पेटी आली त्या दिवशी मी बूट न्यायला त्याच्याकडे गेलो होतो. त्याने गाडी पट्टीवर बसवली, तेल घातलं, दोनदा फिरवून पाहिली.

“बघ, कशी लोण्यासारखी चालतेय.”

वहिनी लोकरीचे गठ्ठे पोत्यात भरत होत्या; लोकरवाला निम्म्या भावाने परत घेणार होता. त्यांनी वळून पाहिलं नाही. “बूट पायाला बसले का हो भाऊजी?” एवढंच विचारलं. चालून बघितल्याशिवाय मी हो म्हणालो.

आता वहिनी त्याच कारखान्यात जातात. त्याच शाळेच्या स्वेटरांना हाताने गळे जोडायचं काम आहे. पार्सलभाऊ त्यांना सकाळी स्कूटरवरून सोडतो आणि मग ऑफिसला येतो.

परवा मी म्हणालो, “पुढच्या वर्षी शाळा परत देईल रे काम.”

“कारखान्याशी पाच वर्षांचा करार केलाय त्यांनी.”

पाच वर्षांनी वहिनी साठच्या होतील. तेवढ्यात शिपायाने येऊन विचारलं, “भाऊ, आता पुढची पेटी कधी?” पार्सलभाऊने भांडाराची नोंदवही मिटली. मग म्हणाला, “तू तुझं एकटं मागव.”