पंधरावर एक फुकट

अंधेरीला आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर होतं. त्यामुळे तिथे दोन गोष्टी रोज साचायच्या, पीठ आणि किस्से. पीठ निदान संध्याकाळी फडक्याने पुसता यायचं. किस्से मी घरी घेऊन जायचे. आता इतक्या वर्षांनी कुणी "परदेशात कुठलं शहर स्वस्त पडतं गं?" असं विचारलं की माझं तोंड सुरू होतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, पण वेळ बरा जातो.

ऐंशी-पंच्याऐंशीचा काळ. ज्याच्या घरी कलर टीव्ही, त्याच्या घरी अख्खी बिल्डिंग. आमची कंपनी परदेशच्या सहली काढायची. पाटीवर 'वर्ल्ड' असा शब्द होता आणि आत पाचवी खुर्ची ठेवायला जागा नव्हती! मालक तेंडोलकर साहेब, बुकिंगला वसंत गावडे आणि टाईपरायटरवर मी, शिर्के. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या तिघांपैकी एकानेही विमान आतून पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाला मात्र खिडकीची सीट का घ्यावी, हे आम्ही अगदी अधिकाराने सांगायचो.

* * *

साहेबांना एकदा आयडिया आली. त्यांनी खाली जिन्याच्या दारात फळा लावला. मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'स्वस्त शहरं' आणि खाली काठमांडू, बँकॉक, सिंगापूर. उजवीकडे 'महाग शहरं', खाली लंडन, पॅरिस. दोन्हीकडे खर्चाचे आकडे. म्हणजे माणसाने जिन्यातच तुलना करावी आणि वर येऊन फक्त पैसे भरावेत.

आठवडाभर एक माणूस वर आला नाही. जिन्यापर्यंत यायचे, फळा वाचायचे, इकडेतिकडे बघून परत जायचे. शेवटी अंधेरीचंच एक जोडपं आलं. नवरा डाव्या बाजूला बोट ठेवणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, त्या स्वस्तात नका ना बसू! मागे आपल्या देशपांडे वहिनी दळण घेऊन उभ्या आहेत."

साहेबांना मुद्दा कळला. त्यांनी 'स्वस्त' पुसून 'साधी' लिहिलं आणि 'महाग' पुसून 'स्पेशल'. लगेच दुसऱ्या दिवशी एक काका काउंटरवर.

"काय हो, लंडन स्पेशल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे ना!" गावडे म्हणाला.

"हाफ प्लेट मिळेल?"

गावड्याने मान वर न करता सांगितलं, "मिळेल की. जायचं तिकीट आमचं, यायचं तुमचं!"

* * *

आता गावड्याबद्दल सांगायलाच हवं. पस्तिशीचा, जोगेश्वरीला आई आणि तो, दोघंच. जीभ अशी की गिऱ्हाईक चिडावं की हसावं या विचारात असतानाच पावती फाटायची. पण या माणसाच्या डोक्यात एकच खूळ होतं. त्याला टूर लीडर म्हणून जायचं होतं.

धंद्यातली पद्धत अशी, की पंधरा तिकिटं काढली की सोळावं विमान कंपनी फुकट द्यायची. आंबेवाला डझनावर एक देतो ना, तसं. त्या फुकट सीटवर जो जाईल तो लीडर. हातात छोटा झेंडा, छातीवर बिल्ला, मागे पंधरा माणसं.

पहिल्यांदा सिंगापूरचे पंधरा झाले तेव्हा साहेबांचा मेव्हणा गेला. त्याने चांगी विमानतळावर दोन बायका हरवल्या. त्यातली एक त्याची स्वतःची! दुसऱ्यांदा साहेब स्वतः गेले. "मालकाने मार्केट बघायला पाहिजे," म्हणाले. मार्केट म्हणजे टेपरेकॉर्डरचं. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी गावड्याला सगळ्यांदेखत शब्द दिला.

आणि तिसऱ्यांदा गाडी चौदावर अडली. परत जमवले, परत चौदा. एक आला की एक गळायचा, कुणाच्या घरी सुतक, कुणाची मेहुणी बाळंत.

मी एकदा म्हटलं, "अरे, आयुष्यभर वाट बघणार का? हप्त्याने पैसे भर आणि जा ना एकदाचा."

तो केवढा भडकला! "पैसे भरून कोण पण जातो, शिर्के. तो पॅसेंजर. मी जाणार तर लीडर म्हणूनच जाणार." मग माझ्याच डब्यातली पोळी त्याने उचलली आणि चौदा नावांच्या यादीकडे बघत बसला.

* * *

घाटकोपरचे एक मेहता काका होते. शुद्ध मराठी बोलायचे आणि शुद्ध हिशोब करायचे. त्यांना आम्ही काठमांडू सुचवलं. पासपोर्ट लागत नाही, डॉलरची कटकट नाही, सगळ्यात स्वस्त.

"काठमांडू? छे छे, फार महाग!" काका म्हणाले.

साहेबांना वाटलं, फळ्यावर आपलंच एखादं शून्य चुकलं. त्यांनी चष्मा लावला.

"असं बघा," काका म्हणाले, "काठमांडूहून माणूस आणून आणून काय आणणार? छत्री! म्हणजे गेलेला पैसा गेला. सिंगापूरहून व्हीसीआर आणायचा, इथे विकायचा, तिकीट वसूल. म्हणजे सिंगापूर फुकट पडलं. आता सांगा, महाग कोण?"

"मग लंडन काय पडतं, काका?" गावड्याने विचारलं.

"लंडनहून लोक आणतात स्वेटर. घाटकोपरमध्ये तो घालणार कोण?"

साहेब भारावून गेले. काका सिंगापूरला बुक होणार, गावड्याचे चौदाचे पंधरा होणार, मी पावतीबुक उघडलं. तेवढ्यात काका खुर्ची पुढे सरकवून हळूच म्हणाले, "एका व्हीसीआरमध्ये तिकीट सुटतं, बरोबर? मग मी चार आणले तर तुम्ही मला किती देणार?"

* * *

बोरिवलीचे एक मास्तर मात्र लंडनला गेले. रिटायर झाले होते, बायकोला शब्द दिला होता. माणूस गणिताचा. लंडनला उतरल्यापासून प्रत्येक वस्तूच्या किमतीला गुणायला सुरुवात केली. केळं दिसलं की गुणिले, बसचं तिकीट घेतलं की गुणिले. एका कप चहाचे वीस रुपये होतात म्हटल्यावर चहा बंद! शेवटच्या दिवशी बायको रडकुंडीला आली तेव्हा दोघांत एक कप घेतला.

परत आल्यावर पेढे आणि आल्बम घेऊन ऑफिसात आले. राणीचा राजवाडा एका फोटोत, घड्याळाचा मनोरा एका फोटोत आणि चहाचा कप तीन फोटोंत!

"मी यात कुठेच नाही," काकू म्हणाल्या. "मी मध्ये आले तर कप पूर्ण येत नव्हता."

पण खरी गंमत पुढे आहे. मास्तर आता रोज बोरिवलीत पाच-पाच कप चहा ढोसतात, अशी काकूंची तक्रार होती. मास्तर शांतपणे म्हणाले, "अगं, इथे प्रत्येक कपाला एकोणीस रुपये वाचतात. दिवसाला शंभराच्या घरात बचत आहे. तू कमी करायला सांगतेस?"

* * *

मुलुंडच्या सावंतांनी मात्र फळ्यावरचं सगळ्यात साधं शहर घेतलं, काठमांडू. पण जाणं साधं नव्हतं! त्यांना पोचवायला अख्खी बिल्डिंग निघाली. दोन बस भाड्याने घेतल्या होत्या. हार, नारळ, फोटोग्राफर, सगळ्यांना बटाटेवडे. स्थानिक साप्ताहिकात फोटोसकट 'परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा'. आणि सावंत तीन दिवसांत परत येणार होते!

साहेबांनी विमानतळावर उभ्याउभ्या हिशोब केला आणि त्यांचा जीव तुटला. "सावंत, अहो, या पोचवापोचवीच्या पैशात आरामात बँकॉक झालं असतं!"

सावंत गळ्यातले हार सावरत म्हणाले, "साहेब, बँकॉकला जातो म्हटलं असतं, तर हीच बिल्डिंग पोचवायला नाही, अडवायला आली असती!"

* * *

सिंगापूर पुन्हा एकदा चौदावर आलं. यावेळी कुणी गळेना, पण कुणी वाढेना. गावडे बाजारात, देवळात, सलूनमध्ये पंधरावा शोधत हिंडायला लागला. एक दिवस तो वेसाव्याच्या एका कोळीणबाईंना, हिराबाईंना, वर घेऊन आला. मासळीचा मोठा धंदा, हातात पाटल्या, पैशाला तोटा नाही. माणूस खमका. आल्या त्या खुर्चीवर बसल्या आणि ऑफिस भरलं.

गावड्याने उंच इमारती दाखवल्या, बागा दाखवल्या, पाणी थुंकणारा सिंह दाखवला. हिराबाई जांभया देत होत्या. मग एकदम विचारलं, "तिथं पापलेट काय भाव रं?"

आता गावड्याला काय माहीत? पण गप्प बसला तर तो गावडे कसला! शहर कसं झकास आहे हे पटवायला त्याने दिला एक आकडा ठोकून. वेसाव्याच्या चौपट.

हिराबाईंची झोप उडाली. "चौपट?"

"चौपट! एकदम पॉश शहर आहे, मावशी."

हिराबाई उठल्या, पदर खोचला. "मंग मी कशाला जाऊ? माझं पापलेटच पाठव ना!"

त्या गेल्यावर मी पोटभर हसले. गावडे हसला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

* * *

शनिवारपर्यंत पंधरावा मिळाला नाही तर चौदा जणांना दादरच्या एका कंपनीच्या ग्रुपमध्ये घालायचं, असं साहेबांनी सांगून टाकलं. त्या ग्रुपला त्यांचा लीडर होता. गावडे "ठीक आहे साहेब," एवढंच म्हणाला. गुरुवारी त्याने एकाही गिऱ्हाइकाची टर उडवली नाही. वाट लागली होती बिचाऱ्याची.

शुक्रवारी दुपारी तो बँकेत गेला असताना एक बाई जिना चढून आल्या. सत्तरीच्या, नऊवारी, धापा टाकत. मी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून पैशांचं पुडकं काढून माझ्या टाईपरायटरवर ठेवलं.

"बाय, सिंगापूरचा माझा तिकीट काढ. आणि पावती फाटेपर्यंत वसंताक सांगा नको."

गावड्याची आई! नवरा कापडाच्या मिलमध्ये होता, त्याच्या फंडाचे मिळालेले पैसे पोस्टात ठेवले होते, ते काढून आणले होते. पासपोर्टची अडचण नव्हती, धंद्यातला माणूस म्हणून गावड्याने घरातले दोन्ही पासपोर्ट कधीच करून ठेवले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, कोकम सरबत मागवलं आणि पावती स्वतःच्या हाताने फाडली.

संध्याकाळी गावड्याला यादी दाखवली. त्याने पंधरावं नाव वाचलं आणि गिरणीतल्या लोकांना वर यावं लागेल एवढ्या मोठ्याने ओरडला. पुढचे पंधरा दिवस ऑफिसात आईशिवाय विषय नाही. आईला पट्टा कसा बांधायचा शिकवला, आईला सरकता जिना समजावला, आई सगळ्याला हो म्हणते! बिल्ला तर तो घरून लावूनच यायला लागला.

निघायच्या दिवशी साहेब आणि मी सहार विमानतळावर पोचवायला गेलो. चौदा पॅसेंजर आले, हार घालून, डबे घेऊन. गावडे नवा सफारी घालून, हातात झेंडा घेऊन डोकी मोजत होता. आई कठड्याबाहेर आमच्याशेजारी उभी.

"आये, चल गो आत!"

"तू जा."

"म्हणजे?"

"माका इमानात गरगरता."

"तू कधी बसलंस इमानात?"

"बसाक कित्या होया? बघूनच गरगरता."

तिने आपली बॅग त्याच्या हातात दिली. बॅग तिची, पण आत सगळं त्याचं होतं, दोन नवे शर्ट, खोबऱ्याचे लाडू, एक स्वेटर. सिंगापूरला स्वेटर! गावडे रडकुंडीला आला. तो हात धरून ओढतोय, ती कठडा सोडत नाही. आत चौदा माणसं "लीडर, ओ लीडर!" म्हणून हाका मारतायत. तिकिटं पंधरा फाटली होती, एवढं विमान कंपनीला पुरे होतं.

"जा रे बाबा," आई म्हणाली. "माणसां खोळंबलीत."

शेवटी साहेबांनीच त्याला आत ढकललं. तो वळून वळून बघत गेला, मग कोपऱ्यावर त्याने झेंडा वर केला आणि चौदा जण त्याच्या मागे दिसेनासे झाले. मला तर हुंदकाच आला. आई मात्र टाचा उंचावून शेवटपर्यंत बघत होती, डोळे कोरडे.

साहेबांच्या डोक्यात तोपर्यंत हिशोब सुरू झाला होता. न राहवून ते म्हणाले, "अहो मावशी, कमाल केलीत! तुम्हाला जायचंच नव्हतं, तर तेवढ्याच पैशात सरळ त्याचं तिकीट काढायचं होतं ना!"

आईने साहेबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढा मोठा धंदा करणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये, याचं तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"मगे तो फुकट कसो गेलो असतो?"