प्रार्थनाघराबाहेरचे बूट

"अहो, माझे बूट!"

स्कॉटलंडमधल्या तळ्याकाठच्या त्या किल्ल्यात एक लहानसं प्रार्थनाघर होतं. आत शिरताना हिने सवयीने बूट दाराबाहेर काढून ठेवले होते. बाहेर येऊन बघतो तर तिथे नुसती भिजलेली फरशी. बस सुटायच्या बेतात होती, आणि बंदरातलं आमचं जहाज कुणासाठी थांबत नाही, असं गाइडने सकाळपासून बजावलं होतं.

मी चिडलोच. "इथे कोण काढतं बूट?"

"देवाचं घर आहे ना?" ही म्हणाली.

तेवढ्यात तिकीटखिडकीतल्या म्हाताऱ्या बाईंनी हात करून बोलावलं. पाऊस आला म्हणून त्यांनी बूट आत नेऊन हीटरपाशी ठेवले होते, अगदी जोडीने. हिने पाय घातले आणि डोळेच मिटले. "गरम आहेत हो!"

धापा टाकत बस गाठली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. काचेबाहेर तळं मागे सरकू लागलं. दिवसभर आम्ही किल्ले पाहिले, तळी पाहिली, पण सगळं निघायच्या घाईत, घड्याळाकडे बघत. माणूस बूट काढतो ते जिथे घटकाभर टेकायचं असतं तिथे. एवढ्या मोठ्या बसमधलं कुणीतरी आज एका ठिकाणी खरोखर आत गेलं होतं.

जहाजावर परतून आमच्या केबिनचं दार उघडताच ही म्हणाली, "आधी बूट काढा."

मी मुकाट्याने काढले. माझे गारठलेले होते.